घामाचं औषध

माझे मोठे दीर सुभेदार रवळू हलगेकर यांच्याविषयी कडोलीत कुणी वाईट बोलत नाही. ते स्वतःच इतकं बोलतात की दुसऱ्याला संधी मिळत नाही. फौजेतून निवृत्त होऊन गावी आल्यावर सहा महिन्यांत त्यांनी गावाबाहेरचा माळ सपाट करून घेतला, चुन्यानं चारशे मीटरचा गोल आखला आणि ‘शौर्य अकॅडमी’ अशी पाटी लावली. भरतीची तयारी करणारी पोरं पहाटे तिथं पळतात. त्यातली काही भरती झाली, हे मान्य. पण त्यामुळे सुभेदारांची अशी समजूत झाली की जे एकोणीस वर्षांच्या पोराच्या छातीला लागू पडतं ते जगातल्या प्रत्येक दुखण्याला लागू पडतं. साखर असो, पाठ असो, मूल होत नसो, त्यांचं औषध एकच.

“पळा. घाम काढा. घामातनं सगळं भायेर पडतंय.”

मी नीलम, त्यांच्या धाकट्या भावाची बायको. बेळगावातल्या एका हायस्कूलमध्ये गणित शिकवते. माझे यजमान महादेव उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये सुपरवायझर आहेत. मुलगी निपाणीला माझ्या आईकडे राहून अकरावी करते. सुभेदारांचं आणि आमचं घर एकाच अंगणात आहे, मध्ये फक्त म्हशींचा गोठा. म्हशी दोन्ही घरांच्या, पण शेण काढायचं काम जयाबाईचं. जयाबाई म्हणजे सुभेदारांची बायको, माझी थोरली जाऊ. मी त्यांना आक्का म्हणते.

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा सुरू झाली, त्या आठवड्यात नववीच्या वर्गात फळ्यावर वर्गसमीकरण सोडवताना मला पुढची पायरी आठवेना. सतरा वर्षं शिकवलेली पायरी. हाताला मुंग्या आल्या, छाती धडधडायला लागली, खडू खाली पडला. आपण आत्ता मरणार असं मला अगदी स्पष्ट वाटलं, आणि तेही पन्नास मुलांसमोर. हेडमास्तरांनी रिक्षातून दवाखान्यात पाठवलं. ईसीजी निघाला, तो उत्तम निघाला. तिथल्या डॉक्टरांनी ॲसिडिटीची गोळी लिहून दिली आणि मसालेदार खाऊ नका म्हणाले. दुसऱ्या वेळी ते बसमध्ये आलं, तिसऱ्या वेळी मेथी निवडताना. मसाल्याचा आणि मेथीचा काय संबंध, हे विचारायला मी परत गेले नाही.

मग ते धडधडणं कमी झालं आणि त्याच्या जागी काहीच नाही, असं काहीतरी आलं. सहामाहीच्या पेपरांचा गठ्ठा टेबलावर तसाच पडून राहिला. बाथरूममध्ये बादली भरून वाहायची आणि मी स्टुलावर बसून बघत राहायची. नळ बंद करायचा असतो हे कळायचं, पण हात उचलायचा नाही. आठ-आठ दिवस केसांना फणी लागायची नाही. महादेव विचारायचे, “बरं वाटंना व्हय?” मी म्हणायची, “बरं आहे.” ते कामावर जायचे. माझे यजमान फार भले आहेत. त्यांचा भलेपणा असा की ते कुणालाच दुखवत नाहीत, आणि त्यामुळे कुणाच्याच उपयोगी पडत नाहीत.

शेवटी शाळेतल्या विज्ञानाच्या बाई, प्रियदर्शनी, मला हाताला धरून कॉलेज रोडवर त्यांच्या मावसबहिणीकडे घेऊन गेल्या. मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर ब्राह्मी, मूळच्या सदलग्याच्या. वाक्य मराठीत सुरू करायचं आणि कन्नडमध्ये संपवायचं अशी त्यांची पद्धत. मला त्यांचाही राग आला. त्यांनी अर्धा तास प्रश्न विचारले आणि “मरावं असं वाटतंय काय?” हेसुद्धा चहा घेणार काय अशा सुरात विचारलं.

मी म्हटलं, “मरावं असं नाही. पण उठावं असंही नाही.”

त्यांनी ते लिहून घेतलं. मग म्हणाल्या, “गोळी सुरू करते. दोन-तीन आठवडे काही फरक वाटणार नाही, उलट मळमळेल. शिव्या द्यायच्या तर मला द्या, पण मला विचारल्याशिवाय बंद करायची नाही. आणि अंगात थोडं बळ आलं की चालायला लागा, रोज. चालण्यानं फरक पडतो. बोलायची पद्धत म्हणून सांगत नाही मी हे.”

तीन आठवडे मी मनातल्या मनात त्यांना शिव्या दिल्या. चौथ्या आठवड्यात एका सकाळी नळ बंद केला आणि बाहेर येऊन केस विंचरले, आणि केस विंचरून झाल्यावर आपण काय केलं ते माझ्या लक्षात आलं.

एवढ्यावर गाडी नीट चालली असती. पण एका रविवारी सुभेदार अमृतांजन मागायला घरात आले आणि फ्रिजवर ठेवलेलं गोळ्यांचं पाकीट त्यांच्या हाताला लागलं. त्यांनी नाव मोबाइलवर शोधलं. दुष्परिणामांची यादी अंगणात उभं राहून मोठ्यानं वाचली. शेजारच्या तीन घरांना माझं वजन, झोप आणि पोट यांचं भवितव्य कळलं.

“आमच्या घरात याड लागलेलं कोण न्हाय,” ते म्हणाले.

“वेड नाही हे, भावजी.”

“मग डोस्क्याची गोळी कशाला? फौजेत अठ्ठावीस वर्सं काढली मी. उणे तीस डिग्रीत. एका जवानाला डिप्रेशन आलं न्हाय.”

एखाद्या जवानाला ते आलं असतं, तर ते सांगायला तो यांच्याकडे आला असता काय, हा प्रश्न सुभेदारांच्या डोक्याला कधी शिवला नाही. त्यांच्या डोक्याला प्रश्न शिवतच नाहीत. महादेव पायरीवर बसून बुटाची लेस सोडत होते. ती बराच वेळ सुटेना. माझी सासू गुणाबाई आतून म्हणाली, “थोरला म्हंतोय तर पळून बघ की गं. पळाल्यानं कोण मेलंय?”

दुसऱ्या दिवसापासून मी मैदानावर जायला लागले. सलवार-कमीज, महादेवांनी आणलेले बूट, आणि माझ्या निम्म्या वयाची चाळीस पोरं. पहिल्या दिवशी अर्धी फेरी. आठवड्यानं दोन. महिन्यानं सहा.

आता मला एक गोष्ट कबूल करायला पाहिजे, आणि ती करताना दात खावे लागतात. पळण्यानं मला बरं वाटलं. पळून आल्यावर भूक लागायची, खरी भूक, भाकरीचा वास आला की पोटात काहीतरी हलायचं. दुपारी शाळेत डोळे जड व्हायचे नाहीत. रात्री झोप लागायची. मुलांनी वर्गात विनोद केला तर तो कळायचा. पेपरांचा गठ्ठा मी दोन दिवसांत तपासून टाकला.

सुभेदार रोज माझ्या चेहऱ्याकडे बघायचे, आपण रंगवलेल्या भिंतीकडे बघावं तसे.

“बघ. आता गोळीचं काय काम हाय?”

सगळा दोष त्यांच्यावर टाकणं मला आवडेल, पण तसं करता येत नाही. मी गणित शिकवते. दोन राशी एकाच वेळी बदलल्या तर उत्तर कशामुळे बदललं ते सांगता येत नाही, हे मी मुलांना दरवर्षी सांगते, आणि ज्याला कळत नाही त्याला बाकावर उभं करते. गोळी चालू होती आणि पळणंही चालू होतं. बरं कशानं वाटलं ते मला माहीत नव्हतं. सुभेदारांना मात्र माहीत होतं, आणि ज्याला माहीत असतं त्याच्याबरोबर जाणं फार सोपं असतं. शिवाय मलाही ती गोळी नको होती. रोज सकाळी ती गिळताना आपण कुठंतरी मोडलेल्या आहोत असं वाटायचं. पळताना तसं वाटायचं नाही. माझ्याइतकी शिकलेली बाई इतकी मूर्ख असू शकते याचं मला आजही आश्चर्य वाटतं.

मैदानाच्या कडेला पोरं पालापाचोळा जाळायची. एका सकाळी सुभेदारांनी त्या आगीभोवती सगळ्यांना गोल उभं केलं, “आज हलगेकर मॅडम आजाद झाल्या” म्हणाले, आणि माझ्याकडून तीन पाकिटं घेऊन आगीत टाकली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

तिसऱ्या दिवसापासून मान वळवली की डोक्यात वीज चमकल्यासारखं व्हायला लागलं. वायरचं एक टोक सुटावं आणि हालवलं की चर्र व्हावं, तसं. मळमळ, घाम, विनाकारण रडू. पाचव्या दिवशी चौथ्या फेरीत तोंडावर पडले. हनुवटी फुटली, तीन टाके पडले.

“विष भायेर पडतंय,” सुभेदार म्हणाले. “चांगलं लक्षण हाय. थांबू नको.”

मी थांबले नाही. वीज चमकायची आठवडाभरानं थांबली, पण महिन्याच्या आत दुसरं सगळं परत आलं, आणि पहिल्यापेक्षा वाईट. वर्गात मी फळ्याकडे पाठ करून उभी राहायची, कारण फळ्याकडे तोंड केलं की छाती धडधडायची. पेपर पुन्हा साठले. मी पळतच होते. रडत पळत होते. सुभेदारांचा हिशेब सोपा होता. सहा फेऱ्यांनी बरं वाटत नसेल तर आठ मार, आठांनी नाही तर दहा. औषध चुकलं असेल ही शक्यता त्यांच्या हिशेबात बसत नव्हती. चुकायची तर मीच चुकणार.

एका सकाळी सातव्या फेरीत मी चुन्याच्या रेषेवर खाली बसले. ठरवून नाही. पाय चालायचे थांबले आणि मी बसले. सुभेदारांनी शिट्टी मारली. मी हलले नाही. त्यांनी परत मारली. पोरं माझ्या दोन्ही बाजूंनी पळत पुढं जात होती आणि सुभेदार शिट्टी मारत होते. म्हैस चुकून मैदानात आली असती तर यापेक्षा जास्त अक्कल वापरली असती त्यांनी, निदान जवळ येऊन हाकलली असती.

पोरांच्या अंड्यांचं पातेलं घेऊन आलेल्या जयाबाईंनी हे बघितलं. पातेलं तिथंच खाली ठेवलं आणि घरी जाऊन महादेवांना म्हणाल्या, “भावजी, तुमची बायकू मातीत बसलीया, आन ह्ये शिट्टी मारायल्यात. जाऊन घेऊन या तिला.”

महादेव बनियनवरच स्कूटर घेऊन आले. मला उठवलं, मागं बसवलं. सुभेदार “अरं पण” म्हणत पुढं आले. महादेव त्यांना म्हणाले, “अण्णा, पुरं.” चव्वेचाळीस वर्षांत थोरल्या भावाला ते पहिल्यांदाच काहीतरी म्हणाले असतील. दोनच शब्द होते, पण तेवढे पुरले.

ब्राह्मी डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवलं.

“गोळी कुणी बंद करायला सांगितली?”

“माझ्या दिरांनी,” मी म्हटलं.

“ते कशाचे डॉक्टर?”

“पळण्याचे.”

त्या हसल्या नाहीत. महादेवांकडे वळल्या. “तुम्ही कुठं होता?”

“ड्युटीवर.”

“दोन महिने?”

मला त्या क्षणी महादेवांची कीव आली नाही, हे खरं लिहून ठेवते.

मग डॉक्टर माझ्याशी बोलल्या, पहिल्यापेक्षा हळू. “काही लोकांना नुसत्या चालण्यानं बरं वाटतं, गोळी लागत नाही. त्यांना मी देतही नाही. काहींना गोळीशिवाय उठताच येत नाही, तर ते चालणार कुठून? तुम्ही या दुसऱ्यातल्या. यात लाजायचं काही नाही, मिरवायचंही काही नाही. गोळी परत सुरू करू. आणि पळणं सोडू नका, फक्त त्या मैदानावर नको. तुमचं तुम्ही चाला.”

सावरायला पाच महिने लागले. गोळी घेतली, दर पंधरा दिवसांनी कॉलेज रोडला गेले, आणि संध्याकाळी शिवाराच्या वाटेनं चालले. सुभेदार अंगणात भेटले की म्हणायचे, “चालायलीस न्हवं? मग झालं.” गोळीचं नावही काढायचे नाहीत. मला वाटलं, लाज वाटली असेल. तेवढी अपेक्षासुद्धा जास्त होती.

अकॅडमीचा तिसरा वर्धापनदिन आला. मांडव, खुर्च्या, पाहुणे, ध्वनिक्षेपक. आमच्या गावात दरवर्षी साहित्य संमेलन भरतं, इथं लोकांना भाषण ऐकायची सवय आहे, आणि भाषण चालू असताना दुसरं काही करायचीही. मी महादेवांबरोबर तिसऱ्या रांगेत बसले होते. भरती झालेल्या पोरांचे सत्कार झाले आणि सुभेदारांनी माइक हातात घेतला.

“आता एक जिवंत उदाहरण दाखवतो. माझी भावजय. शिकलेली बाई. डिप्रेशननं खाटेला खिळलेली. डॉक्टरांनी हात टेकले. मी म्हटलं, पळ. आज बघा. एक गोळी न्हाय. या मॅडम, वर या.”

कुणीतरी माझ्या अंगावर शाल घातली. नारळ हातात दिला. माइक तोंडापुढं आला. आयुष्यात पहिल्यांदाच एवढे लोक समोर असून माझी छाती धडधडली नाही. राग इतका स्वच्छ होता की बाकी कशाला जागाच नव्हती.

“नमस्कार,” मी म्हटलं. “मी गोळी घेते. आज सकाळीही घेतली आहे. मागं सुभेदारांनी माझ्या गोळ्या याच मैदानावर जाळल्या. त्यानंतर मी दोन महिने आजारी होते. हनुवटीवरची ही खूण तेव्हाची आहे. मी रोज चालते, त्यानं मला चांगलं वाटतं, तेही खरं आहे. तुमच्यापैकी कुणाला अशा गोळ्या चालू असतील तर मैदानावरच्या माणसाच्या सांगण्यावरून बंद करू नका. डॉक्टरांना विचारा. एवढंच.”

पुढच्या रांगेतल्या पाहुण्यांनी टाळी वाजवली, कारण भाषण संपलं की टाळी वाजवायची असते, आणि सगळा मांडव वाजवायला लागला. सुभेदारांनी माझ्या हातातून माइक घेतला. चेहऱ्यावर एक रेघ हलली नव्हती.

“बघा,” ते म्हणाले, “किती धीटपणानं बोलली. पयल्यांदा चार माणसांत तोंड उघडत नव्हती. ही हिंमत कशानं आली?” त्यांनी पोरांकडे हात केला.

“घामानं,” पोरं एका सुरात ओरडली.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. शाल, नारळ, मी आणि सुभेदार. खाली लिहिलं होतं, ‘व्यायामाच्या जोरावर नैराश्यावर मात’. सुभेदारांनी तो लॅमिनेट करून अकॅडमीच्या शेडमध्ये लावला. अजून तिथंच आहे. माणसाला खोटं पाडता येतं, पण त्यासाठी त्याला ऐकू यावं लागतं.

त्याच आठवड्यात दुपारी जयाबाई आमच्या स्वयंपाकघरात येऊन उभ्या राहिल्या. त्या सहसा बसत नाहीत. त्या दिवशी पाट ओढून बसल्या.

“नीलम, त्या डॉक्टरणीचा नंबर दे गं.”

“कुणासाठी, आक्का?”

“मलाच.” त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. “काय झालंय ते सांगाय येत न्हाय. किती वर्सं झाली तेबी आठवंना. कशातच जीव लागत न्हाय. जेवतानाबी माती खाल्ल्यावानी वाटतंय. ह्येंना एकदा सांगितलं तर म्हणाले, काम कमी पडतंय तुला, मैदानावर ये.” त्यांनी पदराचं टोक सोडून दिलं. “चार वाजता उठती मी. साठ अंडी उकडती. शेण, धारा, भाकऱ्या, मग रान. पदर वाळत न्हाय माझा. घामानं जायचं असतं तर माझं कवाच गेलं असतं.”

सुभेदारांच्या सिद्धांताला याहून चांगलं उत्तर मी कुठं ऐकलेलं नाही, आणि ते त्यांच्याच घरात तीस वर्षं शेण काढत होतं.

मी जयाबाईंना घेऊन गेले. घरी सांगितलं, डोळे तपासायला. ब्राह्मी डॉक्टर त्यांच्याशी कन्नड-मराठीत तासभर बोलल्या. रक्त तपासायला दिलं. थायरॉइड निघालं नाही. मला वाटलं होतं, लगेच गोळी लिहून देतील.

“गोळी आत्ता नको,” डॉक्टर म्हणाल्या. “लागली तर देऊ. आधी झोप. पहाटे चारला कशाला उठता?”

“पोरांची अंडी असत्यात.”

“पोरं उकडतील अंडी. फौजेत जाणार आहेत न्हवं? आणि रोज अर्धा तास चालायचं. दर आठवड्याला माझ्याकडे येऊन बोलायचं.”

“चालतीच की मी. रानात जाती, येती.”

“तसं नाही. डोक्यावर भारा नाही, हातात विळा नाही, कुणाचा डबा नाही. रिकाम्या हातानं. कामाचा घाम वेगळा.”

जयाबाईंना हे गोळीपेक्षा अवघड वाटलं. परत येताना बसमध्ये म्हणाल्या, “लोक काय म्हंतील? रिकामी फिरतीया म्हंतील.”

घरी खरं कारण कळलं आणि रणधुमाळी व्हायची ती झाली. सुभेदारांना आपली बायको आजारी आहे यापेक्षा उद्या अंडी कोण उकडणार याची काळजी जास्त होती. नीलमनं फूस लावली म्हणाले. महादेव म्हणाले, “अण्णा, वैनी सकाळी सहापर्यंत झोपणार.” मग सुभेदारांनी रागारागानं स्वतः पातेलं ठेवलं. पहिल्या दिवशी निम्मी अंडी फुटली, आणि त्याचाही दोष त्यांनी कोंबड्यांना दिला.

आता संध्याकाळी आम्ही दोघी शिवाराच्या वाटेनं जातो. माझी गोळी चालू आहे, डॉक्टरांनी थोडी कमी केली आहे. जयाबाईंना दोन महिन्यांनी एक छोटी गोळी सुरू करावी लागली, आणि ती त्या पाण्याच्या एका घोटात घेतात, माझ्यासारखा तमाशा करत नाहीत. अजून पूर्ण बऱ्या नाहीत. झोप आत्ता कुठं पाच तासांपर्यंत पोचली आहे. सुरुवातीला त्यांना हात कुठं ठेवायचे ते कळत नसे. वाटेत पडलेली काटकी उचलायच्या, मी काढून घ्यायची. आता उचलत नाहीत.

परवा बांधावर बसलेल्या शेजारच्या मालुबाईंनी विचारलं, “जयाक्का, कुठं निघालीस गं?”

“कुठंच न्हाय,” जयाबाई म्हणाल्या, आणि न थांबता पुढं गेल्या.